सहावी मुदतवाढ

ल्यूसिएन मिशो हार्लो मिल्स या छोट्या गावाची चिटणीस झाली तेव्हा गावातला बुटांचा कारखाना बंद पडून चार महिने झाले होते. कारखान्यात ती तळवे शिवायच्या मशीनवर होती. अक्षर चांगलं, हात चलाख, आणि नदीपलीकडच्या म्हाताऱ्यांशी त्यांच्या फ्रेंचमध्ये बोलायची, म्हणून पंचांनी तिला कचेरीत घेतलं. "दुसरं काही मिळेपर्यंत बसते," असं ती तेव्हा नवऱ्याला म्हणाली होती. बसली ती सत्तावीस वर्षं.

गावकचेरी म्हणजे आगीच्या बंबाच्या शेडला चिकटून असलेल्या दोन खोल्या. कुत्र्यांचे परवाने, हरणांच्या शिकारीचे परवाने, जन्म, मरण, लग्न, रस्त्यावरच्या बर्फाच्या तक्रारी, सगळं त्या एका खिडकीवर यायचं. गावाचा कारभार ठरवणारे पंच पाच होते, पण ते महिन्यातून दोनदा संध्याकाळी येऊन जायचे. लोकांना पंच दिसत नसत, ल्यूसिएन दिसायची. त्यामुळे गावात काहीही झालं की शिव्या तिला, आणि काही झालं नाही की त्याही तिलाच.

राज्याने गांजाच्या दुकानांना मोकळीक दिली आणि कुठल्या गावात दुकान उघडू द्यायचं हे गावांवर सोपवलं, तेव्हा हार्लो मिल्समध्ये पहिला अर्ज आला तो एल्डन फिल्ब्रुकचा. एल्डन कारखान्यात कातडं कापायच्या खात्यात होता. कारखाना गेल्यावर लाकडाचा ट्रक चालवला, पाठ गेली तेव्हा तेही सुटलं. मग रीतसर परवाना काढून त्याने घरामागे प्लास्टिकचं हरितगृह उभारलं आणि आजारी माणसांसाठी गांजाची झाडं लावू लागला. नऊ पेशंट होते त्याचे, बहुतेक साठीच्या पुढचे. त्याला मेन स्ट्रीटवरच्या बंद पडलेल्या लाँड्रीत छोटं दुकान टाकायचं होतं. अर्जासोबत त्याने दुकानाचा नकाशा पेन्सिलीने काढून जोडला होता. खिडकीत कुंड्यासुद्धा काढल्या होत्या.

पंचांना काय करावं कळेना. गावात दुकान कुठे असावं, शाळेपासून किती लांब, पाटी केवढी, कशाचेच नियम नव्हते. गावाच्या वकिलाने मार्ग सुचवला: एकशे ऐंशी दिवसांची स्थगिती घाला, तेवढ्या वेळात समिती नेमून नियम करा. सगळ्यांना पटलं. ल्यूसिएनलाही पटलं. नियमांशिवाय दुकान उघडू देणं म्हणजे कुलपाशिवाय दार बसवण्यासारखं, असं तीच कुणाला तरी म्हणाली होती.

एकशे ऐंशी दिवस गेले. समिती दोनदा बसली. पंचांनी स्थगितीला मुदतवाढ दिली.

कायद्यात एक अट होती. मुदत वाढवायची तर पंचांनी जाहीर सभा घेऊन तसा निष्कर्ष नोंदवायला हवा. तो ल्यूसिएनने वकिलाच्या नमुन्यावरून टाइप केला: "प्रश्न अद्याप कायम असून नियम तयार करण्याच्या कामी वाजवी प्रगती होत आहे." पहिल्यांदा ते अर्धंमुर्धं खरं होतं. दुसऱ्यांदा तिने डोळे मिटून घातलं. तिसऱ्यांदा टाइप करायचीही गरज पडली नाही, जुना कागद उघडून नुसती तारीख बदलली. डिसेंबर, जून, डिसेंबर, जून. सभागृहात सातआठ माणसं यायची, तीच ती बोलायची, पंच हात वर करायचे, आणि लोक आपापल्या गाड्या गरम करायला बाहेर पडायचे.

या सगळ्या काळात एल्डन दर गुरुवारी खिडकीशी यायचा. टोपी काढायचा, कोपर टेकवायचा.

"काय ल्यू, काही झालं का?"

"नाही रे."

"अगं, कोंबडीसुद्धा एकवीस दिवसांत पिल्लं काढते. हे पाच जण कशावर बसलेत?"

"मला काय विचारतोस? मी त्यांच्याखाली हात घालून बघू का?"

तो हसायचा. ल्यूसिएनही हसायची. मग तो रेजिसची आठवण काढायचा, कारण ती कुणी काढावी असं तिला वाटतं हे त्याला कळायचं. रेजिस तिचा नवरा. जठराच्या कर्करोगाने गेला. शेवटच्या हिवाळ्यात त्याच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. डॉक्टरांनी कागद लिहून दिल्यावर एल्डन स्वतः काळ्या तेलाची बाटली घेऊन आला, किती थेंब ते दाखवून गेला. त्यानंतर रेजिसने अर्धा वाडगा वाटाण्याचं सूप खाल्लं होतं. अर्धा वाडगा. ल्यूसिएनने तो अर्धा रिकामा झालेला वाडगा बराच वेळ धुतला नव्हता. ही गोष्ट तिने पंचांना कधी सांगितली नाही. कुणी विचारलंही नाही.

गुरुवार सोडून इतर दिवशी फोन यायचे. शाळेजवळच्या मिसेस ब्रॅकेट म्हणायच्या, "तुम्ही लोक गाव गंजेड्यांच्या घशात घालताय, लाज वाटते का?" फोन ठेवला की दुसऱ्या बाजूचा कुणी म्हणायचा, "तुम्ही लोक म्हाताऱ्यांना ताटकळत ठेवताय, लाज वाटते का?" ल्यूसिएन दोघांनाही म्हणायची, "निरोप पंचांना कळवते." कळवायचीही. रात्री झोप यायची नाही असं काही नव्हतं. उलट झोप फार यायची. जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून डबा उघडायच्या आधीच डोळे मिटायचे. डॉक्टर म्हणाले, रक्त ठीक आहे, थायरॉइड ठीक आहे. मग काय बिघडलंय, असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "रजा घ्या." तिच्या जागी बसायला कुणी नव्हतं.

चौथ्या मुदतवाढीनंतर लाँड्रीच्या मालकाने जागा बर्फावरच्या स्नोमोबाइल गाड्या दुरुस्त करणाऱ्याला दिली. तोवर भाडं भरून भरून एल्डन थकला होता. त्याने काचेवर लावलेला "लवकरच" असा कागद स्वतः नखाने खरवडून काढला. पण गुरुवारी तो येत राहिला. म्हणाला, "दुसरी जागा बघेन. कागद तर हलू दे."

पाचवीनंतर तो दोन गुरुवार आला नाही. मग महिना गेला.

ऑक्टोबरमध्ये तो आला तेव्हा सोमवार होता. टोपी काढली नाही. कुत्रीचा परवाना नव्याने करायचा होता. ल्यूसिएनने कुत्रीचं नाव, वय, लशीचा दाखला लिहून घेतला, पितळी बिल्ला खिडकीतून सरकवला. त्याने तो खिशात टाकला आणि म्हणाला, "बरंय." एवढंच. वळला आणि गेला. ल्यूसिएन थांबून राहिली होती. तो विचारेल, ती "नाही रे" म्हणेल, असं तोंडापर्यंत आलेलं उत्तर तसंच राहिलं. तिला वाटलं, आपण या माणसाला विचारायचं सोडायला लावलं. पंचांनी नाही, वकिलाने नाही. कागदावर ती ओळ दर वेळी आपल्या बोटांनी गेली.

नोव्हेंबरच्या सभेत सहावी मुदतवाढ विषयपत्रिकेवर होती.

पंचांचे अध्यक्ष वेंडेल ग्रोव्हर. गावातलं अंत्यविधीचं दुकान त्यांचं, त्यांच्या वडिलांपासूनचं. शांत, इस्त्रीतला माणूस. रेजिसला शेवटचा कोट त्यांनीच चढवला होता, आणि त्याच्या दुखऱ्या खांद्याची आठवण ठेवून हळू चढवला होता, हे ल्यूसिएन विसरली नव्हती. बाहेर ती त्यांना अरेतुरे करायची, पण सभेत अध्यक्ष म्हणजे अध्यक्ष.

"ल्यूसिएन, ठराव वाचून दाखव," वेंडेल म्हणाले.

ती उभी राहिली. समोर नेहमीची सातआठ माणसं, मागे कॉफीची किटली. तिने वाचलं, "ज्याअर्थी गांजाच्या दुकानांबाबतचा प्रश्न अद्याप कायम आहे." आणि ती थांबली.

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"ओळ राहिली वाटतं."

"राहिली नाही. मी लिहिली नाही."

वेंडेलनी चष्मा काढला. "नेहमीचीच तर ओळ आहे ती."

"हो ना. पाच वेळा लिहिलीय. समिती या सहा महिन्यांत किती वेळा बसली ते सांगा, तो आकडा मी आत्ता घालते."

समितीचा प्रमुख होता कार्लटन डो, रस्त्यांचं काम बघणारा पंच. त्याने खुर्चीत चुळबुळ केली. "बसलो होतो की. दोनदा."

"तीन वर्षांपूर्वी. दुसऱ्या वेळी कॉफीचं यंत्र बिघडलं म्हणून उठलात. इतिवृत्तात आहे."

मागून कुणीतरी खदखदून हसलं. वेंडेल हसले नाहीत.

"ल्यूसिएन, तुझं काम लिहायचं आहे. ठरवायचं नाही."

"म्हणूनच म्हणते, अध्यक्ष. झालं ते लिहीन. झालं नाही ते कसं लिहू?"

"हे एल्डनसाठी चाललंय ना?"

एल्डन तिथे नव्हता. ल्यूसिएनने ठरावाचा कागद टेबलावर ठेवला.

"एल्डनने रेजिसला तेल दिलं होतं," ती म्हणाली. "शेवटच्या हिवाळ्यात. डॉक्टरांच्या कागदावर. त्याच्यामुळे तो चार घास जेवला. हेही आजच्या इतिवृत्तात घालते, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको की चिटणीसबाईंनी लपवलं. पण ओळ खोटी आहे ती आहेच. एल्डन असो नाहीतर सैतान असो."

वेंडेल हळू आवाजात, जणू तिच्या एकटीशीच, म्हणाले, "मी या गावातली नशेने गेलेली सात पोरं पुरली. गोळ्या, पावडर, सुया. एकाच्या आईला मी मुलाचे केस विंचरून दिले, तिला जमेना म्हणून. तू मला सांगतेस दुकान उघडू दे?"

"मी तसं सांगतच नाहीये. नको असेल तर नको म्हणा. कायमचं नको म्हणा, मी ते टाइप करीन, उद्या सकाळी काचेवर लावीन. पण धड हो नाही, धड नकोही नाही, असं किती दिवस?"

सभा तहकूब झाली. सकाळी वकिलाचा फोन आला. प्रगतीचा निष्कर्ष नसेल तर मुदतवाढ टिकणार नाही, आणि तीन डिसेंबरला स्थगिती संपली की जो कोणी अर्ज घेऊन येईल त्याचा विचार करावा लागेल, असं त्यांनी वेंडेलना बजावलं. तेव्हा कुठे गावकचेरीला जाग आली. समिती नऊ दिवसांत चार वेळा बसली. शेजारच्या गावाची नियमावली मागवली, त्यात गावाचं नाव खोडून आपलं घातलं. शाळेपासून एक हजार फूट, पाटी अमुक एवढी, संध्याकाळी सातला बंद. पानं अकरा. ल्यूसिएनने ती एका दुपारी टाइप केली. शेवटचं पान यंत्रातून निघालं तेव्हा तिला आनंद व्हायला हवा होता. तिने नुसते चष्म्याखालून डोळे चोळले. तीन वर्षं जे भिजत पडलं होतं ते एका दुपारचं काम होतं.

मग तिने ती ओळ लिहिली. प्रश्न अद्याप कायम असून वाजवी प्रगती होत आहे. या वेळी ते खरं होतं. शेवटची मुदतवाढ मिळाली, मार्चच्या गावसभेपर्यंत, जिथे सगळं गाव नियमांवर मत देणार होतं.

वेंडेल त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतंच बोलू लागले. आधी ते येताना दोन कप कॉफी आणायचे. आता एकच आणायचे. लोकांचंही तसंच. मिसेस ब्रॅकेटनी चर्चमध्ये तिच्या शेजारची जागा बदलली. दुसऱ्या बाजूचे लोक खिडकीशी येऊन पाठ थोपटायला बघायचे, "वाघीण आहेस!" म्हणायचे, आणि ते तिला त्याहून नको व्हायचं. तीन वर्षं खोटं लिहून एकदा थांबलेल्या बाईला वाघीण म्हणण्यासारखं काय होतं?

गावसभा मार्चमध्ये शाळेच्या व्यायामशाळेत भरली. सकाळपासून माणसं येत होती, बूट झटकत होती. बायकांनी दुपारच्या जेवणाला बीन्सची भांडी, काळा पाव आणि ॲपल-पाय मांडून ठेवले होते. आधी रस्ते झाले, मग बंबाची नवी नळी, मग शाळेचं छप्पर. गांजाच्या नियमांचा विषय एकविसावा. दीड तास चर्चा झाली. एक म्हातारा उभा राहून म्हणाला, "माझ्या गुडघ्याला काय लावायचं ते मी ठरवीन, सरकार कोण?" आणि दुसरा म्हणाला, "तुझ्या गुडघ्यासाठी अख्खं गाव धुरात का?" हात मोजून निकाल लागेना, म्हणून चिठ्ठ्या झाल्या. ल्यूसिएनने दोनदा मोजल्या. बाजूने एकशे एकतीस, विरुद्ध एकशे एकोणीस. त्या दिवसापुरत्या निवडलेल्या सभाध्यक्षाने निकाल वाचला. टाळ्या थोड्या पडल्या, खुर्च्या जास्त सरकल्या.

सगळे गेल्यावर वेंडेल एकटेच घडीच्या खुर्च्या भिंतीशी रचत होते. ल्यूसिएन दुसऱ्या टोकाने रचू लागली. मधोमध दोघांची गाठ पडली.

"मला वाटायचं," वेंडेल म्हणाले, "थोपवून धरलं तर टळेल."

"टळलं नाही, नुसतं लांबलं."

"हो." त्यांनी एक खुर्ची मिटली. "पाठ दुखतेय का तुझी? ठेव, मी करतो."

"राहू दे रे. होतंय."

तेवढंच बोलणं झालं. पुढच्या सभेला त्यांनी दोन कप आणले नाहीत, पण किटलीतली कॉफी आधी तिला ओतली.

पहिला परवाना एल्डनला मिळायला हवा, असं ल्यूसिएनच्या मनात होतं. तिने अर्जाचा कोरा नमुना पाकिटात घालून त्याच्या नावाने ठेवला. तो न्यायला आला नाही. दोन आठवड्यांतच दक्षिणेकडून एक नवराबायको आले, तरुण, नीटनेटके, दोन गावांत आधीच दुकानं असलेले. त्यांचे सगळे कागद तयार होते. दुकानासाठी जुन्या बँकेची इमारत त्यांनी घेतली. ल्यूसिएनने परवान्यावर 'क्रमांक एक' घालून सही केली. त्या मुलीने "थँक यू सो मच" म्हणत तिचा हात दोन्ही हातांत घेतला. चांगली मुलगी होती. तिच्यावर रागवावं असं काही नव्हतं, आणि म्हणूनच ल्यूसिएनला दिवसभर कसंतरी झालं.

त्यांचं दुकान उघडल्यावर एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ती पाकीट घेऊन एल्डनकडे गेली. रस्त्यावर गुडघाभर चिखल होता. गाडी कोपऱ्यावर ठेवून तिने रबरी बूट चढवले आणि चालत गेली. एल्डन हरितगृहात होता. आत उकडत होतं, ओल्या मातीचा आणि झाडांचा उग्र वास होता. तो छोट्या कात्रीने खालची पानं काढत होता. कुत्री तिचे बूट हुंगून पुन्हा लवंडली.

"ये," तो म्हणाला. "त्या खुर्चीत बस. बादलीवर नको, बादली फुटलीय."

ती घडीच्या आरामखुर्चीत बसली, पाकीट पुढे केलं. त्याने उघडलं नाही, काय आहे ते त्याला माहीत होतं.

"एकच परवाना देतायत का?"

"नाही, दोन देता येतात. दुसरा रिकामा आहे. तुझ्यासाठी."

एल्डनने कात्री पुसली. "ल्यू, मी सदुसष्ट वर्षांचा झालो. तीन वर्षांपूर्वी तू हे दिलं असतंस तर मी तुला उचलून नाचलो असतो. आता दुकान म्हटलं की मला आधी ते उघडायला उठावं लागेल हे डोळ्यापुढे येतं."

"म्हणजे नको?"

"नको. माझे नऊ जण आहेत. आता आठ. म्हातारी डायर गेली फेब्रुवारीत. तेवढ्यांचं होतंय इथून."

"मग मी कशासाठी..." ती म्हणाली.

"कशासाठी म्हणजे? तुझ्याच्याने लिहवेना म्हणून नाही लिहिलंस. माझ्यासाठी केलंस असं कुणी सांगितलं तर मी भांडेन त्याच्याशी." तो पुन्हा वाकला. "आणि दुकान झालं की गावात. कुणाचं का असेना. मिसेस ब्रॅकेट सांध्यांचं मलम घेऊन गेली म्हणे परवा. डोक्याला रुमाल बांधून, कुणी ओळखू नये म्हणून. रुमाल तोच, दर रविवारी चर्चला बांधते तो."

ल्यूसिएनला हसू आलं. तिने ते पाकीट मांडीवर ठेवलं. काहीतरी बोलायचं होतं, निदान माफ कर म्हणायचं होतं, पाच वेळा लिहिलेल्या ओळीबद्दल. एल्डनच्या कात्रीचा बारीक आवाज एका लयीत चालला होता. प्लास्टिकवर ऊन होतं. तिने मान मागे टेकली, क्षणभरच, असं म्हणून.

"ल्यू?" थोड्या वेळाने एल्डन म्हणाला. "सूप आहे आत. खाणार का?"

ती झोपली होती. तोंड थोडं उघडं, बूट चिखलाने माखलेले, हात सैल. एल्डनने खुंटीवरचा आपला कोट काढून तिच्या गुडघ्यांवर घातला. कुत्री उठून भुंकायच्या बेतात होती, तिला त्याने हातानेच गप्प बसवलं, आणि पुढच्या झाडाकडे सरकला.